सात दिवस, प्रवाहाच्या उलट: मालिसीट लोकांच्या नदीवाटेने

मालिसीट हे त्या लोकांनी स्वतःला दिलेलं नाव नव्हे. शेजारच्या मिकमॉ लोकांनी त्यांच्या बोलीवरून ते ठेवलं. अर्थ साधारण ‘अडखळत, संथ बोलणारे’. फ्रेंचांनी ते उचललं, इंग्रजांनी कागदावर पक्कं केलं. ते स्वतःला वोलास्तोकीयिक म्हणवतात: वोलास्तोकचे, म्हणजे सुंदर, भरभरून देणाऱ्या नदीचे लोक. नकाशावर ही नदी सेंट जॉन या नावाने सापडते. लांबी ६७३ किमी, उगम अमेरिकेच्या मेन राज्यात, शेवट कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात फंडीच्या उपसागराला मिळताना.

बहुतेक पर्यटक ही नदी महामार्गावरून, वरून खाली उरकतात. आमचा आग्रह उलटा आहे: समुद्रापासून सुरू करा आणि वर जा. या लोकांची गावं, वाटा आणि हंगाम हे सगळं भरतीच्या पाण्यापासून वरच्या धबधब्यांपर्यंत असंच लागत जातं.

निघण्याआधी थोडं व्यवहाराचं. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. पाचव्या दिवशी सीमेपलीकडे हूल्टनला डोकवायचं असेल, तर अमेरिकेचा व्हिसा वेगळा हवा. गाडी भाड्याने घेतल्याशिवाय हा प्रवास होत नाही, नदीकाठच्या गावांना बस जवळजवळ नाहीच. मे महिन्याचा मधला पंधरवडा निवडला तर नेच्याचे कोंब आणि ग्रँड फॉल्सचं पाणी दोन्ही मिळतं, पण काही संग्रहालयं तोवर उघडलेली नसतात. पॉववॉव म्हणजे ढोल-नृत्याचे मेळे बघायचे असतील तर उन्हाळ्यात या. संध्याकाळनंतर गाडी हळू चालवा. मूस हे प्रचंड हरीण इतकं उंच असतं की हेडलाइटचा झोत त्याच्या पायांवरच पडतो, डोळे चमकलेले दिसतच नाहीत. धडक बसली की पाय उडतात आणि चारपाचशे किलोचं धड काचेवर येतं.

पहिला दिवस: सेंट जॉन, नदीचं मुख

शहरात शिरल्यावर आधी भरतीचं वेळापत्रक काढा, हॉटेल नंतर. इथल्या ‘उलट्या धबधब्या’चा सगळा खेळ वेळेवर आहे. फंडीच्या उपसागरात सेंट जॉनपाशी पाणी सुमारे साडेआठ मीटर चढतं-उतरतं. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाच मीटर आले तर वर्तमानपत्रात बातमी होते, त्यावरून अंदाज करा. कोकणातल्या खाडीत भरतीचं पाणी आत चढतं तसंच इथंही चढतं, पण इथं मुखाशी अरुंद घळ आहे आणि पाण्याखाली खडकाचा उंबरठा. ओहोटीला नदी समुद्रापेक्षा उंच, म्हणून पाणी बाहेर कोसळतं. भरतीला समुद्र नदीपेक्षा उंच, म्हणून तेच पाणी भोवरे करत आत घुसतं.

चूक होते ती अशी: लोक ऐन भरतीच्या वेळी पोचतात आणि पाणी थांबेल म्हणून वाट बघतात. पाणी तेव्हा थांबत नाही. ते थांबतं ओहोटीनंतर साधारण ३ तास ५० मिनिटांनी आणि भरतीनंतर साधारण २ तास २५ मिनिटांनी, तेही वीसेक मिनिटंच. ओहोटी सकाळी ८ वाजता असेल तर ११:५० ला सपाट पाणी. त्या वीस मिनिटांत होड्या घळीतून पार होतात, आणि होडीवरच जगणाऱ्या माणसांना हा हिशेब पाठच असणार. मेमध्ये एक अडचण आहे: वितळलेल्या बर्फाचा पूर जोरात असेल तर नदी इतकी भरलेली असते की समुद्राला आत यायला वावच मिळत नाही, आणि ‘उलटा’ प्रवाह फिका पडतो किंवा दिसतच नाही.

या घळीची गोष्ट वोलास्तोकीयिक अशी सांगतात: एका प्रचंड बीव्हरने मुखाशी बांध घालून नदी कोंडली होती. कोलुस्काप या त्यांच्या कथांमधल्या वीराने सोटा मारून तो फोडला. वरच्या अंगाला दुसरी गोष्ट ऐकू येते. तिथं पाणी अडवणारा बेडकासारखा राक्षस आहे, आणि त्याच्यावर झाड पाडल्यावर खोडाची नदी झाली, फांद्यांच्या उपनद्या. नकाशा आडवा धरून बघा. टोबिक, अरूस्टुक, मादावास्का या फांद्या खरोखर झाडासारख्याच फुटलेल्या आहेत.

२४ जून १६०४ या दिवशी द माँ आणि शांप्लेन यांची फ्रेंच गलबतं इथं आली. तो बाप्तिस्मा देणाऱ्या सेंट जॉनचा सण, म्हणून नदीला ते नाव पडलं. मुखाशी तेव्हा वोलास्तोकीयिकांचं तटबंदीचं गाव होतं. आज त्यातलं काही दिसत नाही. शहरातल्या टेकडीवर फोर्ट होव आहे. १७७८ मध्ये इंग्रजांनी इथं वोलास्तोकीयिकांशी पुन्हा सलोखा केला, कारण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्यांच्यातल्या काही जणांनी १७७६ मध्ये वॉटरटाउनला दुसऱ्या बाजूशी करार केला होता. १७२५-२६ पासूनच्या या ‘शांतता आणि मैत्री’ करारांची एक गोष्ट ध्यानात ठेवायची: त्यांत व्यापार आहे, सलोखा आहे, शिकार-मासेमारीची हमी आहे, जमीन दिल्याचं कलम नाही. पुढच्या सहा दिवसांत रस्त्याकडेला जे जे फलक आणि खटले भेटतील, त्यांचं मूळ इथं आहे.

दुसरा दिवस: सेंट जॉन ते फ्रेडरिक्टन, सुमारे ११० किमी

महामार्ग सोडून नदीकाठचा १०२ क्रमांकाचा रस्ता धरा. तासभर जास्त लागतो. नदी इथं पसरट, संथ. दोन्हीकडे पाणथळ कुरणं, मधे बेटं. एप्रिल-मेमध्ये ही कुरणं बुडतात. २०१८ आणि २०१९ मध्ये लागोपाठ पूर इतके चढले की हा रस्ता जागोजागी बंद पडला होता. निघण्याआधी प्रांताचा पूर-इशारा बघणं ही औपचारिकता समजू नका.

पण हाच पूर गाळ टाकतो आणि त्या गाळात शहामृग-नेचा उगवतो. त्याचे गुंडाळलेले कोवळे कोंब म्हणजे ‘माह्सुस’. इंग्रजीत त्याला फिडलहेड म्हणतात, सारंगीच्या डोक्यासारखा दिसतो म्हणून. वोलास्तोकीयिकांच्या मण्यांच्या कामात आणि बर्चच्या सालीवरच्या कोरीवकामात समोरासमोर वळलेली दुहेरी वेलांटी सारखी येते. तिच्यात बरेच जण हाच कोंब बघतात.

मेमध्ये रस्त्याकडेला टेम्पोतून पिशव्या विकायला बसलेले दिसतात. विकत घेताना आणि शिजवताना काय बघायचं ते नीट सांगतो, कारण यात माणसं आजारी पडतात. देठ गुळगुळीत हिरवा हवा आणि त्याच्या आतल्या अंगाला पन्हळीसारखी खोलगट चीर हवी. देठ लवदार असेल तर तो दुसरा नेचा, तो नको. कोंब जमिनीपासून पाचेक सेंटीमीटर वर आला असताना, घट्ट गुंडाळी असतानाच खुडतात. एका गड्ड्यावर सहा-सात कोंब येतात, त्यांतले निम्मे ठेवायचे. सगळे घेतले तर गड्डा दुबळा होतो आणि काही वर्षांत मरतो. वरचा तपकिरी कागदी पापुद्रा कोरडा असतानाच चोळून झटकायचा. भिजल्यावर तो चिकटतो आणि मग नखाने काढत बसावं लागतं. दोन-तीन पाण्यांनी धुवायचं. भरपूर पाण्यात १५ मिनिटं उकळायचं किंवा १० ते १२ मिनिटं वाफवायचं, ते पाणी फेकायचं, त्यात दुसरं काही शिजवायचं नाही. फोडणीला टाकायचे असतील तरी आधी उकळणं चुकत नाही. परतून कुरकुरीत ठेवण्याचा मोह होतो आणि तिथंच पोट बिघडतं. आपल्याकडे शेवळं काकडांशिवाय केली की घसा खवखवतो, तशीच ही भाजी. रीत माहीत असलेल्यालाच ती लाभते.

याच पाणथळीत आणखी एक ओळखीचं मूळ आहे. वोलास्तोकीयिक त्याला मस्करॅट उंदराचं मूळ म्हणतात. सर्दीला, बसलेल्या घशाला त्याचा तुकडा तोंडात धरतात. वास घेतला तर मराठी माणूस दचकेल: वेखंड! अगदी तेच नव्हे, वेखंडाची अमेरिकेतली सख्खी चुलत जात, पण घशासाठी वापर तोच.

फ्रेडरिक्टनच्या थोडं वर, जिथं भरतीचा शेवटचा फुगवटा संपतो, तिथल्या जागेचं नाव एक्वपाहाक, म्हणजे ‘भरती संपते ती जागा’. त्यांचं मोठं गाव होतं ते. १७८३ नंतर इंग्लंडच्या राजाशी निष्ठावान राहिलेले हजारो निर्वासित अमेरिकेतून या खोऱ्यात आले, १७८४ मध्ये प्रांत झाला आणि सुपीक काठ वाटला गेला. गाव उठलं.

तिसरा दिवस: फ्रेडरिक्टन, साल आणि लाकूड

हा दिवस चालण्याचा नाही, हातांकडे बघण्याचा आहे. सकाळी जुन्या रेल्वेपुलावरून पायी नदी ओलांडून उत्तर काठावर सेंट मेरीज म्हणजे सितान्सिस्क वस्तीकडे जा. १८४७ च्या सुमारास गेब्रिएल अ‍ॅक्विन या शिकारी-वाटाड्याने इथं तळ टाकला, त्यातून ही वस्ती वाढली. १८६० मध्ये भेटीला आलेल्या ब्रिटिश युवराजाला त्याने आपल्या होडीतून फिरवलं आणि १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात तो होडी घेऊन गेला.

ती होडी कशी बनते, हे समजून घेतल्याशिवाय पुढची नदी कळत नाही. बर्चच्या सालीची होडी आधी सांगाडा उभारून वर साल ताणत नाहीत. आधी साल, मग सांगाडा. मोठ्या, सरळ, फांद्या नसलेल्या कागदी बर्चची साल एका उभ्या चिरेने सोडवतात. उन्हाळ्यात ती सहज सुटते, पण आतून फिकट असते. थंडीच्या दिवसांत काढलेली साल चिवट आणि आतून तांबूस-तपकिरी. ती तांबूस पुटी खरवडून नक्षी काढता येते, म्हणून तिला मान. मग ती साल सपाट केलेल्या जागेवर पांढरी बाजू वर करून पसरतात. म्हणजे झाडाची बाहेरची पांढरी बाजू होडीच्या आत जाते. चित्रांत पांढरीशुभ्र होडी दिसली तर ती काढणाऱ्याने खरी होडी पाहिलेली नाही.

सालीवर होडीच्या आकाराची लाकडी चौकट ठेवून वर दगडांचं वजन देतात. भोवती खुंट्या ठोकून साल वर वळवतात. कडेला चुण्या पडतील तिथं चिरा देऊन तुकडे एकमेकांवर चढवतात. शिवण स्प्रूस झाडाच्या मुळांची: पेन्सिलीएवढी जाड मुळं सोलून, उभी दुभंगून, पाण्यात भिजत ठेवलेली. वरच्या काठाच्या पट्ट्या सीडरच्या. मग आत सीडरच्या पातळ फळ्यांचं अस्तर आणि शेवटी फासळ्या. फासळ्या भिजवून, वर उकळतं पाणी ओतून, जोडीजोडीने वाकवतात आणि बांधून वाळू देतात. त्या जागी बसवताना खालून ठोकत ताठ करतात. होडीला आकार याच ठोकण्यातून येतो आणि इथंच ती फुटतेही: फासळी एक बोट जास्त लांब राहिली की साल आडवी चिरते, कारण बर्चच्या सालीवरचे ते आडवे डोळे म्हणजे मुळातच फाटण्याच्या रेषा. थंड, कोरड्या सालीला घाई केली तरी हेच होतं. म्हणून काम करताना तिच्यावर गरम पाणी सारखं चालू.

सांधे बुजवायला स्प्रूसची राळ वितळवून त्यात चरबी घालतात. प्रमाण चमच्याने मोजत नाहीत, परीक्षा घेतात: सालीची पट्टी राळेत बुडवून थंड पाण्यात घालायची आणि वाकवायची. राळ तडकली तर चरबी कमी. अंगठ्याला चिकटली तर चरबी जास्त. पहिल्या चुकीने होडी पहाटेच्या गारठ्यात गळते, दुसरीने दुपारच्या उन्हात.

साधारण १८ फुटांची ही होडी एकटा माणूस उलटी करून खांद्यावर घेऊ शकतो. हे वजन लक्षात ठेवा, उद्या लागेल. या होड्यांची मापं आज उपलब्ध आहेत त्याला कारण टॅपन अ‍ॅडनी. १८८७ मध्ये वुडस्टॉकजवळ पीटर जो या वोलास्तोकीयिक कारागिराकडे तो शिकला आणि पुढे जन्मभर उत्तर अमेरिकेतल्या सालीच्या होड्यांच्या प्रतिकृती आणि आराखडे करत राहिला.

दुपारी टोपल्या. शहरातल्या हस्तकला-आरेखन महाविद्यालयात वाबानाकी (वोलास्तोकीयिक आणि शेजारच्या लोकांचा समूह) कलांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, आणि कलादालनांतून ब्लॅक अ‍ॅशच्या टोपल्या दिसतात. हे झाड म्हणजे ‘विक्प’. बुरूड बांबू चिरतो. इथं चिरत नाहीत, ठोकतात. गाठी नसलेला सरळ ओंडका सोलून, कुऱ्हाडीच्या पाठीने त्याच्या सबंध लांबीवर एकाला एक लागून घाव घालतात. वसंतात वाढलेला लाकडाचा थर सच्छिद्र असतो, तो चेचला जातो आणि त्याच्यावरचं दाट वार्षिक वलय पट्टीसारखं सुटून येतं. एक वर्ष, एक पट्टी. घाव कुऱ्हाडीच्या कडेने बसला तर धागे तुटतात. ओंडका वाळला तर थर सुटतच नाहीत, म्हणून तो डबक्यात बुडवून ठेवतात. सुटलेली पट्टी टोकाला चीर देऊन दोन्ही हातांनी दुभंगली की आतून रेशमासारखी बाजू निघते. चांगल्या टोपलीत तीच बाहेर असते. विकत घेताना बोट फिरवून बघा. उभ्या पट्ट्या ओल्या विणतात. पण आडव्या ओल्याच विणल्या तर वाळल्यावर आकसून फटी पडतात, म्हणून काठ बांधण्याआधी टोपली वाळवून विण खाली दाबून घेतात. नाजूक टोपल्यांत सुगंधी गवताची वेणी गुंफतात. वाळल्यावर तिचा वास वाढतो, आपल्या वाळ्यासारखा नव्हे, जरा व्हॅनिलाच्या अंगाचा.

किंमत बघून घासाघीस करण्याआधी हे ओंडके आठवा. शिवाय झाडच संपत चाललंय: आशियातून आलेला अ‍ॅश पोखरणारा हिरवा भुंगा २०१८ मध्ये एडमंडस्टनला सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे करून झाडाचं अन्नपाणी तोडतात. म्हणून एक कडक नियम: शेकोटीसाठी लाकूड एका ठिकाणाहून दुसरीकडे नेऊ नका.

संध्याकाळी भाषेकडे. इथल्या लिपीत ‘ओ’ लिहिलेला बहुधा आपल्या पुसट ‘अ’सारखा वाचायचा, आणि शेवटचा ‘क्यू’ म्हणजे ‘क्व’. वोलास्तोक हे म्हणताना ‘वलस्तक्व’च्या जवळ जातं. धन्यवादाला ‘वलिवन’. नामांचे दोन वर्ग: सजीव आणि निर्जीव. ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच शब्द, ‘नेकोम’. आणि मराठी माणसाने लगेच पकडावं असं: ‘किलुन’ म्हणजे ऐकणाऱ्यासकट आपण, ‘निलुन’ म्हणजे तुम्हाला वगळून आम्ही. इंग्रजीत हा भेद नाही. करारांचे इंग्रजी मसुदे वाचताना ‘वी’ दिसलं की थबकावं: मुळात बोलणारा किलुन म्हणाला होता की निलुन?

चौथा दिवस: माक्ताक्वाक आणि बुडालेलं मेडक्टिक

फ्रेडरिक्टनहून वीसेक मिनिटांत माक्ताक्वाक धरण. १९६८ मध्ये पूर्ण झालं. जवळपास १०० किमी लांब फुगवटा. खालून येणारा सॅमन मासा वर जाऊ शकत नाही. त्याला पकडून ट्रकने वर नेऊन सोडतात. धरणाचीही स्वतःची कटकट आहे: काँक्रीटमधली खडी सिमेंटमधल्या अल्कलीशी प्रक्रिया करून फुगते. भिंत वाढायला लागली म्हणून तारेच्या करवतीने तिच्यात फटी कापाव्या लागल्या. आयुष्य २०३० पर्यंतच उरलं असं धरून ती पाडायची चर्चा झाली, पण २०१६ मध्ये दुरुस्त करून २०६८ पर्यंत चालवायचं ठरलं. नदी पुन्हा मोकळी होण्याची शक्यता अशी एका निर्णयात चाळीसेक वर्षं पुढे गेली.

तासाभराने मेडक्टिक. इथं फलक आहे आणि पाणी आहे. तटबंदीचं मुख्य गाव, भोवतालची मक्याची शेतं, १७१७ सालचं चर्च, दफनभूमी हे सगळं फुगवट्याखाली. उजनी आटली की पळसदेवचं देऊळ वर येतं, तसंही इथं होत नाही. पाणी ठरावीक पातळीला धरलेलं असतं. चर्चच्या पायाची १७१७ ची कोरीव पाटी मात्र १८९० मध्येच, धरणाच्या कितीतरी आधी, शेतात सापडली होती.

गावाचं वर्णन हाती आहे ते जॉन गाइल्समुळे. १६८९ मध्ये मेनमधून पकडून आणलेला हा इंग्रज मुलगा साधारण सहा वर्षं या लोकांत राहिला. मका कसा टिकवायचे हे तो सांगतो: दाणे दुधात असताना कणसं मोठ्या हंड्यात उकळायची, कालवांच्या शिंपल्यांनी दाणे खरवडून काढायचे, सालीवर उन्हात वाळवायचे. वाळून बारीक झालेला दाणा वर्षभर टिकतो आणि उकळला की पुन्हा फुगतो. हिवाळ्यात गाव रिकामं, सगळे मूसच्या मागे. मक्याची शेती जमते अशा उत्तरेच्या सीमेवरची ही वस्ती, त्यामुळे शिकार आणि शेती दोन्ही हातांशी ठेवणं हा शहाणपणाचा भाग होता.

गाव इथंच का, याचं उत्तर पायाखाली आहे. ईल नदी खालच्या टप्प्यात खळाळत्या दगडांतून येते, तिथं होडी चालत नाही. म्हणून मेडक्टिकहून होड्या खांद्यावर घेऊन सुमारे ८ किमी चालत ईल नदीच्या संथ भागात उतरायचं, तिथून तळ्यातळ्यांनी पश्चिमेला पेनॉब्स्कॉट नदीच्या खोऱ्यात. काल आठवणीत ठेवायला सांगितलेलं वजन ते हेच. या वाटेचा एक तुकडा आज मालिसीट ट्रेल नावाने चालता येतो. हेज फॉल्स धबधब्यापर्यंत जा, मध्ये मुळं आणि चिखल आहे, बूट घोट्यापर्यंतचे हवेत. मे अखेरीपासून काळ्या माश्या चावतात. कानामागून रक्त येईपर्यंत कळत नाही. फिकट कपडे, बाह्या बंद.

मुक्काम वुडस्टॉक.

पाचवा दिवस: वुडस्टॉक ते टोबिक

सीमा इथून पंधरा-वीस मिनिटांवर. १८४२ च्या करारात ती आखली गेली आणि एकाच खोऱ्यातले नातेवाईक दोन देशांत पडले. पलीकडच्या हूल्टन गटाला अमेरिकेने १९८० मध्ये मान्यता दिली. अरूस्टुकच्या बटाटा शेतांत काढणीला जाणारी कुटुंबं आणि त्या काढणीसाठी विकलेल्या अ‍ॅशच्या दणकट टोपल्या, हा त्यांच्या विसाव्या शतकाचा मोठा भाग. व्हिसा नसेल तर काही बिघडत नाही, वर चला. हार्टलंडचा ३९१ मीटरचा झाकलेला पूल वाटेत लागतो. फोटो काढा, पुढे व्हा.

पर्थ-अँडोव्हरजवळ टोबिक नदी मिळते, तिथं नेकोत्कुक, म्हणजे टोबिकची वस्ती. आत शिरताना लक्षात ठेवा, हे लोकांचं राहतं गाव आहे, संग्रहालय नाही. घरांचे, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत. मेळा असेल तर प्रवेशाच्या मिरवणुकीला उभं राहायचं, टोपी काढायची, निवेदक सांगेल तेव्हा कॅमेरा बंद. पोशाखाला ‘कॉस्च्यूम’ म्हणायचं नाही, शब्द ‘रेगालिया’. नाचणाऱ्याचं गरुडाचं पीस खाली पडलं तर आपण उचलायचं नाही. नाच थांबतो, ते उचलण्याचा विधी असतो. ज्येष्ठांकडून काही शिकायचं असेल तर आधी तंबाखू देण्याची रीत आहे.

नदीच्या मुखाशी १९५३ चं धरण दिसेल, सॅमनच्या वाटेवरचं आणखी एक.

या गावाने देशाचा कायदा बदलायला लावला. मूळ रहिवाशांसाठीच्या इंडियन अ‍ॅक्टच्या कलम १२(१)(ब) नुसार बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलेली बाई ‘इंडियन’ म्हणून असलेला आपला कायदेशीर दर्जा गमवायची. तिला वस्तीत घर मिळायचं नाही, मुलांना दर्जा नाही. पुरुषाने बाहेर लग्न केलं तर मात्र त्याचा दर्जा राहायचाच, बायकोलाही मिळायचा. टोबिकच्या बायकांनी १९७७ मध्ये पंचायत-कचेरीत ठिय्या दिला, १९७९ मध्ये ओकाहून ओटावापर्यंत पायी मोर्चा काढला. सँड्रा लव्हलेस यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली. १९८१ मध्ये समितीने कॅनडाला दोषी धरलं, आणि नेमकं कारण महत्त्वाचं: तिला तिच्या लोकांत राहून तिची संस्कृती जगू दिली नाही. १९८५ मध्ये कायदा सुधारला, तोही अर्धवट, नातवंडांच्या पिढीचा प्रश्न पुढे बराच काळ चिघळला. २००५ मध्ये लव्हलेस सिनेटमध्ये गेल्या.

लाकडाचा हक्कही कोर्टात ठरला. सरकारी जंगलातून घर बांधण्यासाठी ओंडके तोडल्याबद्दल दोन वोलास्तोकीयिकांवर खटला झाला. २००६ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने घरगुती वापरासाठी लाकूड तोडण्याचा त्यांचा हक्क मान्य केला, विकण्यासाठी नाही. होडी, टोपली, घर यांवर जगलेल्या लोकांना हे सिद्ध करावं लागलं.

सहावा दिवस: ग्रँड फॉल्स, एडमंडस्टन

इथं नदी २३ मीटर कोसळते. सॅमनची आणि होडीची दोघांचीही वाट इथं तुटते. पाणी विजेसाठी वळवलेलं आहे. ऑगस्टमध्ये गेलात तर नुसते खडक. मेच्या पुरात पुलावर तुषार येतात. शत्रूच्या होड्यांना अंधारात धबधब्यावर नेऊन स्वतःसकट बुडवणाऱ्या मलाबीम या मुलीची गोष्ट दर फलकावर आहे. गोष्ट चांगली आहे, पण तिचं आजचं सजवलेलं रूप पर्यटनाने पॉलिश केलेलं वाटतं. वाटाड्याने ती तासभर रंगवली तर घड्याळाकडे बघा.

एडमंडस्टनला मुक्काम. शेजारी मादावास्काची वस्ती. इथून पुढे फ्रेंच.

सातवा दिवस: काकूना, सुमारे १२० किमी

घड्याळ एक तास मागे घ्या, क्युबेक लागलं. मादावास्का नदीने तेमिस्कुआता तळ्यापर्यंत होडी, आणि तिथून सेंट लॉरेन्स नदीपर्यंत साठेक किमी होड्या खांद्यावर. आज त्याच रेषेवर महामार्ग आहे. फंडीच्या खाऱ्या पाण्यातून निघून सेंट लॉरेन्सच्या खाऱ्या पाण्यात उतरायची ही वाट. फ्रेंच अमलात क्युबेकची टपालं याच वाटेने जायची.

या बाजूच्या वोलास्तोकीयिकांना १८२७ मध्ये व्हिजे इथं जमीन राखून दिली. १८६९ मध्ये ती परत घेऊन विकली गेली. १८९१ मध्ये काकूनाला किनाऱ्यालगत एक तुकडा मिळाला, अर्ध्या एकराहून लहान, कॅनडातलं सर्वांत छोटं राखीव क्षेत्र. विखुरलेल्या या लोकांना क्युबेकच्या विधानसभेने १९८९ मध्ये राष्ट्र म्हणून मान्यता दिली. नाव आता वोलास्तोकीयिक वाहसिपेकुक.

गाडी लावायला रस्त्याच्या कडेलाच थांबावं लागतं. कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला एक मिनिट लागतं. खाली उतरून समुद्राकाठी जायचं असेल तर सेंट जॉनचं वेळापत्रक इथं चालत नाही. रिव्हिएर-द्यू-लूची भरती वेगळी काढा, आणि ओहोटीच्या दोन तास आधी उतरा, म्हणजे पाणी चढायच्या आत परत येता येतं.